राडारोड्याची पावती कोण मागणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, त्याची आधीच माफी मागतो. जागा नसेल तर हवं तिथे कापा, पण मधला टनांचा हिशोब तेवढा ठेवा, कारण सगळा खटाटोप त्याच्यासाठीच केलाय. विषय राडारोड्याचा. मुंबईकडे डेब्रिज म्हणतात, कुणी मलबा म्हणतं, सरकारी कागदावर ‘बांधकाम व पाडकाम कचरा’ असं भारदस्त नाव आहे आणि मुकादमाच्या तोंडी नुसता ‘माल’. साहेब माल भरला, निघू का? एवढंच.

गेल्या वर्षी आम्ही घरातलं बाथरूम फोडलं. तीस वर्षं जुनं, खालच्या मजल्यावर गळायला लागलं होतं, खालच्या काकूंचं चार वेळा सांगून झालं होतं, शेवटी घेतलं मनावर. फरशी, कोबा, गिलावा, भिंतीवरच्या टाइल्स, जुनं वॉटरप्रूफिंग असं सगळं मिळून ५२ गोण्या भरल्या. एवढ्याशा पाच बाय सातच्या खोलीतून ५२ गोण्या निघतात हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो, पण मी स्वतः जिन्यात उभा राहून मोजल्यात. एक गोणी पंचवीस-तीस किलोची धरा, म्हणजे दीड टनाच्या आसपास झालं. मुकादम म्हणाला छोट्या हत्तीच्या, म्हणजे छोट्या टेम्पोच्या, दोन ट्रिपा होतील, एका ट्रिपचे नऊशे. मी विचारलं टाकणार कुठे? तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जसं मी त्याचं पॅनकार्ड मागितलंय. म्हणाला टाकतो की कुठंतरी, भरावाला लागतोच लोकांना. मी पण गप्प बसलो. खरं सांगायचं तर घरातून माल गेला याचाच आनंद इतका होता की कुठे गेला हे मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं होतं.

आठ-दहा दिवसांनी आम्ही दोघं संध्याकाळी ओढ्याच्या कडेने फिरायला गेलो होतो, तिथे वळणावर कायमच ढीग असतो, आता तो रस्त्यापर्यंत आलाय. बायको थांबली आणि म्हणाली अहो, ही आपली टाइल ना? आकाशी टाइल, वर पांढरी बदकं. मुलगी लहान असताना तिच्या हट्टापायी एक ओळ लावली होती आम्ही, आता कुठे मिळतही नाहीत तसल्या. शेजारी आमची साबणदाणी पण पडलेली, सिमेंटच्या डिखळासकट. इतकी वर्षं त्या ढिगाकडे बघून ‘काय लोक आहेत’ म्हणणारा मी, त्या दिवशी मान खाली घालून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसला गेलो. कुठल्या शहराचं ते लिहीत नाही कारण मला खात्री आहे की कुठल्याही शहरात हेच झालं असतं. घनकचरा विभागात सांगितलं हा कचरा नाही, हे बांधकामाचं, वर जा. वर बांधकाम विभागात विचारलं परवानगी घेऊन काम केलंय का, मी म्हटलं घरातल्या दुरुस्तीला कुठली परवानगी, तर म्हणाले मग ते आमच्याकडे येत नाही, ते कचऱ्यात येतं, खाली जा. मी परत खाली आलो. खालचे साहेब जेवायला गेले होते. तिथल्या शिपायाने मात्र मला खरं उत्तर दिलं, म्हणाला काका कशाला फिरताय, सगळे तिथेच टाकतात.

मग घरी येऊन मी नियमच वाचायला घेतले. रिटायर्ड माणसाला तेवढा वेळ असतो. आणि एक गोष्ट लगेच लक्षात आली की आपल्याकडे नियम नाहीत असं अजिबात नाहीये, उलट भरपूर आहेत. १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी सुप्रीम कोर्टात कचऱ्यावर जनहित याचिका केली, त्यातून पुढे २००० सालचे नागरी घनकचऱ्याचे नियम आले आणि त्या नियमांतच लिहिलं होतं की राडारोडा वेगळा गोळा करायचा आणि त्याची वेगळी विल्हेवाट लावायची. म्हणजे पंचवीस वर्षं झाली. मग २९ मार्च २०१६ ला बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे स्वतंत्र नियम आले, त्यानंतर दहाच दिवसांनी ८ एप्रिलला घनकचऱ्याचे नवीन नियम आले. त्यात तर प्रत्येक घराला सांगितलं होतं की राडारोडा निघाला की तो स्वतःच्या आवारात वेगळा ठेवा आणि त्या दुसऱ्या नियमांप्रमाणे द्या. द्या, बरं. कुणाला द्या? तर महापालिकेने किंवा नगरपालिकेने नेमलेल्या जागी, संकलन केंद्रावर. ती जागा नेमायची, तिथे कंटेनर ठेवायचे, भरले की उचलायचे, ही सगळी स्थानिक संस्थेची कामं म्हणून नियमात स्वच्छ लिहिलेली होती. मुदत पण दिली होती. दहा लाखांवरच्या शहरांनी दीड वर्षात व्यवस्था सुरू करायची, पाच ते दहा लाखांच्या शहरांनी दोन वर्षांत आणि त्याखालच्यांनी तीन वर्षांत. म्हणजे अगदी छोट्या गावाची मुदतसुद्धा २०१९ मध्येच संपली. आमचं शहर मधल्या गटात येतं. तर आमच्याकडचं केंद्र कुठे आहे ते मी त्या ऑफिसात तीन टेबलांवर विचारलं, तिन्ही टेबलांनी मला उलट विचारलं, कसलं केंद्र?

आता तो हिशोब. २०१६ च्या नियमात मोठा राडारोडा करणारा कोण, तर दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पात ३०० टन ज्याचा निघतो तो. त्याने काम सुरू करायच्या आधी प्लॅन द्यायचा, काँक्रीट वेगळं, माती वेगळी, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक वेगळं, विटा-चुना-गिलावा वेगळा अशा चार वाटण्या करायच्या आणि पैसे भरायचे. ठीक आहे. माझा माल होता दीड टन. म्हणजे मी दिवसाला २० टनांच्या कुठेच जवळपास नाही. माझ्यासारखी चौदा बाथरूमं एकाच दिवशी एकाच बिल्डिंगमध्ये फुटली तर आम्ही मोठे ठरणार. पण शहरात कुठल्याही दिवशी किती घरांत तोडफोड चालू असते? जरा कान देऊन ऐका, ड्रिलचा आवाज कुठल्या ना कुठल्या मजल्यावरून येतच असतो, दिवाळीच्या आधी तर विचारूच नका. किचनचे ओटे, बाल्कनी आत घेणं, पार्टिशन पाडणं, दुकानाचं फर्निचर बदललं की फरशी पण बदलणं. हे सगळं वेगवेगळ्या छोट्या हत्तींतून वेगवेगळ्या वेळी निघतं आणि एकाच वळणावर जाऊन पडतं. कागदावर प्रत्येक जण लहान आणि ओढ्यातला ढीग तेवढा मोठा, त्या ढिगाचा मालक मात्र कुणीच नाही.

नवीन नियमांचं पण सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने राडारोड्याचे नवीन नियम काढले, लागू व्हायची तारीख १ एप्रिल २०२६. त्यात ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ म्हणजे ते ईपीआर आणलंय, जे आधी प्लॅस्टिक आणि ई-कचऱ्याला होतं ते आता बिल्डरला. ज्याने माल निर्माण केला त्यानेच त्याच्या रिसायकलिंगची जबाबदारी घ्यायची, पोर्टलवर नोंद करायची. कल्पना उत्तम आहे, मी टाळ्या वाजवल्या असत्या, पण मर्यादा बघा. बांधकाम क्षेत्रफळ २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तरच. २०,००० चौरस मीटर म्हणजे सव्वादोन लाखाला थोडे कमी चौरस फूट हो. आमच्या भागात सध्या रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायट्या बघितल्या तर तीन मजली, चोवीस फ्लॅट, सहाशे फुटांचा एक, म्हणजे जुनं बांधकाम साडेचौदा हजार फुटांच्या आत. तिथे चौपट उभं राहिलं तरी साठ हजार फुटांच्या अलीकडेच राहतं. मर्यादेच्या तिसरा हिस्सा पण नाही.

आणि ही जुनी बिल्डिंग पाडली की माल किती निघतो? भारतात यासाठी पूर्वीपासून एक ठोकताळा वापरतात, नवीन बांधकामात चौरस मीटरला ४० ते ६० किलो आणि पाडकामात ३०० ते ५०० किलो. साडेचौदा हजार फूट म्हणजे १३५० चौरस मीटर धरा, त्याला ३०० ते ५०० ने गुणा. ४०० ते पावणेसातशे टन. एका चोवीस फ्लॅटच्या सोसायटीचे. जुन्या नियमात महिन्याला ३०० टनांच्या अटीने ती निदान पकडीत तरी यायची, नव्यातली ईपीआरची मोठी जबाबदारी तिला लागतच नाही. आता आपल्या गल्लीत रिडेव्हलपमेंटला गेलेल्या किंवा जायच्या तयारीत असलेल्या सोसायट्या बोटांवर मोजा आणि ४०० ने गुणा. मी गुणलं आणि मग कॅल्क्युलेटर ठेवून दिला. मोठ्या टाऊनशिपवाल्याला पोर्टल लावून धरणार आणि गल्लीतला माल ओढ्यात जाणार, असा हा सगळा प्रकार होणार असं मला दिसतंय. चुकीचं असेल तर तुमच्या वाचकांपैकी कुणी जाणकाराने समजावून सांगावं, मला आनंदच होईल.

कोर्टाने काही केलं नाही असंही नाही. मुंबईत जानेवारी २०१६ ला देवनारच्या डम्पिंगला आग लागली, अख्खं शहर धुरात होतं ते सगळ्यांना आठवत असेल. देवनारला कचरा १९२७ पासून पडतोय. त्यानंतर महिन्याभरात, २९ फेब्रुवारी २०१६ ला, हायकोर्टाने मुंबईत नवीन बांधकामांच्या परवानग्याच थांबवल्या, का तर कचरा टाकायला नियमात बसणारी जागा नाही. दोन वर्षांनी मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा महिन्यांसाठी सूट दिली ती याच अटीवर की राडारोडा ठरवलेल्या जागीच टाकायचा आणि तसं दाखवायचं. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने घनकचऱ्याचं धोरण केलं नाही म्हणून महाराष्ट्रासकट काही राज्यांतल्या बांधकामांवरच स्थगिती आणली, ती नंतर उठली. बिल्डर लोक धावले, मंत्रालय धावलं, धोरणाचा कागद तयार झाला. माझं म्हणणं एवढंच आहे की या सगळ्या धावपळीत छोट्या हत्तीचं चाक एक दिवससुद्धा थांबलं नसणार. कोर्ट बांधकामाच्या परवानगीला हात घालू शकतं कारण तो कागद आहे. रात्री साडेदहाला सोसायटीच्या मागच्या गेटातून निघालेल्या टेम्पोचा कुठे कागदच नाही तर कोर्ट तरी काय धरणार?

म्हणून मला मुकादमाचा राग येत नाही. त्याचं गणित सरळ आहे. ओढा दीड किलोमीटरवर, आणि समजा अधिकृत जागा असती तरी ती शहराबाहेर बायपासपलीकडे, अठरा-वीस किलोमीटर. नऊशे रुपयांत डिझेल, ड्रायव्हर, दोन बिगारी आणि भरायला-उतरवायला दोन तास. तिकडे गेला तर दिवसाला दोन ट्रिपा होतात, इकडे सहा. शिवाय तिकडे टनामागे पैसे भरायचे आणि इकडे फुकट, कधीकधी तर भराव हवा असलेला एखादा प्लॉटवाला उलट ट्रिपमागे पैसे देतो. हो, हा पण एक धंदाच आहे, पाणथळ जागेत, खाजणात, ओढ्याच्या पात्रात भराव करून प्लॉट वर आणायचा. मुंबई-ठाण्याच्या खाडीकडेला खारफुटीवर डेब्रिज टाकून काय झालं ते आपण पेपरात वाचतोच, हायकोर्टाने २००५ ला खारफुटी तोडायला आणि तिथे भराव टाकायला मनाई केली, २०१८ ला पुन्हा ठणकावलं, आजूबाजूच्या ५० मीटरचं पण सांगितलं. तरी माल पडतोच. नदीकाठच्या शहरांत तेच पूररेषेच्या आत. पावसाळ्यात पाणी घरात शिरलं की आपण धरणातून किती क्युसेक सोडलं यावर भांडतो, पात्र किती अरुंद झालं हे कुणी टेपने मोजायला जात नाही.

एक गोष्ट लोकांच्या डोक्यात पक्की बसलीये, माझ्या पण होती, की राडारोडा म्हणजे काय, दगड-माती, त्याने कुणाचं काय बिघडतं? कचऱ्यासारखा वास तर येत नाही. तर तसं नाहीये. एक म्हणजे धूळ. सिमेंट, काँक्रीट, टाइल फोडल्यावर जी बारीक धूळ उडते त्यात सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही, दगड फोडणाऱ्या मजुरांना सिलिकोसिस होतो तो यानेच. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरात हवा एवढी बिघडली की महापालिकेला बांधकामांभोवती पत्रे, हिरवं कापड, पाणी मारणं, गाड्यांवर ताडपत्री याचे आदेश काढावे लागले. दुसरं म्हणजे यात नुसती दगड-माती नसतेच. जुने सिमेंटचे पत्रे असतात, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, ते तर धोकादायक कचऱ्यातच मोडतं आणि बिगारी ते हातोड्याने फोडून गोणीत भरतो. रंगाचे डबे असतात, वायरी, ट्यूबलाइटी. आणि पीओपी. फॉल्स सीलिंगचं पीओपी म्हणजे जिप्सम, ते ओल्या कचऱ्याबरोबर डेपोत गाडलं गेलं, हवा मिळाली नाही की त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, सडक्या अंड्याचा वास येतो तो. डेपोशेजारी राहणाऱ्या लोकांना विचारा.

आणि हे घंटागाडीत पण जातं बरं का. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने रोज दोन-दोन पिशव्या करून अख्खं किचन घंटागाडीतून घालवलं आणि वर शहाणपणा सांगितला की बघा, फुकटात काम झालं. पण तो माल ओल्या कचऱ्यात गेला की खत होत नाही, खतात काचा आणि खडे येतात, शेतकरी परत घेत नाही. डेपोची जागा भरते ते वेगळंच. आणि जिथे ठेकेदाराला वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात तिथे कचऱ्यात थोडा राडारोडा आला तर तो कशाला नको म्हणेल? उलट चार घमेली स्वतःहून टाकेल. म्हणजे ज्याला तक्रार करायला पाहिजे त्याचाच त्यात फायदा.

यातलं सगळ्यात वाईट वाटतं ते हे की हा माल खरंच फेकायचा नाहीये. सळई तर भंगारवाला शेवटच्या इंचापर्यंत काढून नेतो, दारं-खिडक्या-ग्रिल जुन्या बाजारात जातात, अख्ख्या विटा पण कुणी ना कुणी नेतं. तो धंदा कुठल्या नियमाशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चाललाय कारण तिथे पैसे आहेत. उरलेलं काँक्रीट आणि गिलावा क्रशरला घातलं, चुंबकाने लोखंड काढलं, चाळलं आणि धुतलं की परत खडी आणि वाळूच होते. दिल्लीत बुराडीला २००९ पासून असा प्लांट आहे, देशातला पहिला. मुंबईला दहिसर आणि शिळफाट्याला रोजचे ६००-६०० टनांचे दोन उभे राहिलेत, पुण्याजवळ वाघोलीला आहे. पेव्हर ब्लॉक, कर्ब स्टोन, रस्त्याखालचा थर हे सगळं त्यातून होतं. ही काही जुगाडाची गोष्ट नाही, मानक ब्युरोच्या आयएस ३८३ या २०१६ च्या मानकात लिहिलंय की साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, लोखंडाच्या काँक्रीटमध्ये एम-२५ या दर्जापर्यंत २० टक्के आणि खालच्या दर्जाच्या लीन काँक्रीटमध्ये १०० टक्के अशी रिसायकल खडी चालते. एकीकडे नदीतली वाळू चोरून उपसतात, डोंगर फोडून क्रश सँड काढतात, आणि दुसरीकडे तीच वाळू आणि खडी दोन-तीन दशकं वापरून झाल्यावर ओढ्यात नेऊन टाकतात.

पण प्लांटवाल्याचा माल घेणार कोण? इंजिनियर म्हणतो रिसायकल नको, रिस्क नको. सरकारी टेंडरच्या दरसूचीत ती वस्तू ठळकपणे असेल, तिच्यासाठी वेगळी अट असेल तर ठेकेदार घेईल, नाहीतर का घेईल? २०१६ च्या नियमात होतं बघा, महापालिका आणि सरकारी कामांत राडाऱ्यापासून केलेला माल ठरावीक टक्के वापरणं सक्तीचं करावं. किती टक्के? तिथे कंसात इंग्रजीत लिहिलंय त्याचा अर्थ होतो ‘समजा १०-२० टक्के’. समजा! नियमातच समजा म्हटल्यावर खालच्या इंजिनियरने काय समजायचं? त्याने शून्य समजलं. आमच्या रस्त्याचे पेव्हर ब्लॉक मी गेल्या दहा वर्षांत तीनदा बदललेले बघितलेत, (ते का बदलतात हा वेगळ्या पत्राचा विषय आहे) आणि काढलेले चांगले ब्लॉक कुठे गेले ते मला आता विचारू नका.

तर माझी मागणी काय ते लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल नुसतं रडगाणं. मला नवीन नियम नकोत. मला पावती हवी आहे. वजनकाट्याची साधी पावती, जशी भंगारवाल्याकडे, साखर कारखान्यात किंवा कापसाच्या जिनिंगला मिळते तशी, गाडी नंबर, वजन, तारीख, कुठून आला. आपल्याकडे उसाच्या बैलगाडीचं वजन होतं आणि दहा टनांच्या डंपरचं होत नाही. बिल्डिंग पाडायची परवानगी देताना क्षेत्रफळ माहीत असतंच, त्यावरून टन काढायला पाचवीतलं गणित लागतं. मग नवीन बिल्डिंगच्या पायाला परवानगी देताना सरळ म्हणा की ४०० टन निघायला पाहिजे होता, पावत्या दाखवा. वीसच टनांच्या पावत्या असतील तर बाकीचा माल कुठे गेला ते सांगा, मग पुढचा सही-शिक्का. भोगवटा पत्रापर्यंत थांबू नका, तोपर्यंत लोक भाड्याच्या घरात कंटाळलेले असतात आणि मग सगळ्यांनाच दया येते. रिडेव्हलपमेंटला सोसायटीची सभा होते, सहकार कायद्याच्या ७९ अ कलमाखाली निबंधकाचा माणूस येतो, कोण किती फूट जास्त देणार यावर चार चार तास भांडणं होतात, तिथे एकाही सभासदाने ‘आपली जुनी बिल्डिंग जाणार कुठे’ असं विचारलेलं मी ऐकलं नाही. आमच्या सभेत मी विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, तो बिल्डरचा विषय. करारात एक ओळ टाकून घ्यायला काय हरकत आहे?

आणि आमच्यासारख्या दीड टनवाल्यांसाठी पावतीच्या आधी जागा पाहिजे, शहराबाहेर नको, वॉर्डात, तीन-चार किलोमीटरच्या आत. भिंत घातलेली, पाणी मारायची सोय असलेली, अर्ध्या गुंठ्याची जागा आणि एक काटा. तिथून मोठ्या डंपरने एकदम प्लांटला न्या, म्हणजे अठरा किलोमीटरचा खर्च एका छोट्या हत्तीच्या माथी येत नाही. आजूबाजूचे लोक ओरडतील हे मला माहितीये, आमच्या दारात नको म्हणतील. पण आत्ता दारातच आहे की, फक्त त्याला भिंत नाही. मुंबईत फोन करून डेब्रिज उचलायला बोलवायची सोय आहे, पैसे भरून, तसं इतर शहरांत का होऊ नये? मी नऊशेच्या जागी बाराशे दिले असते, घरात दीड लाखाचं काम करणारा माणूस ट्रिपमागे तीनशेला मागेपुढे बघत नाही. पैसे द्यायला माणूस तयार आहे, घ्यायला खिडकीच नाही.

दंडाचं काय असं कुणी विचारेल. दंड आहेत. पर्यावरण कायद्यात २०२४ पासून तुरुंग जाऊन दंड आला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. पण तो लावायचा कुणाला? आरोग्य निरीक्षकाने रात्री टेम्पो पकडला तर ड्रायव्हर सापडतो, बावीस वर्षांचं पोरगं, त्याला ना सोसायटीचं नाव माहीत ना मालकाचं. त्याच्याकडून पाच हजार घेतले की विषय संपला. माझ्या बदकांच्या टाइल्स तिथे पडल्या होत्या, त्यावर माझं नाव नव्हतं, आणि खरं म्हणजे दंड मलाच व्हायला पाहिजे होता. पावती असती तर झालाही असता, किंवा माल तिथे गेलाच नसता.

बाथरूमनंतर आम्ही किचनचा ओटा पण केला. या वेळी मी मुकादमाला माल नेऊ दिला नाही. १४ गोण्या आहेत, जिन्याखाली नीट रचून ठेवल्यात, वर ताडपत्री टाकलीये. त्याला आता पाच महिने झाले. महापालिकेच्या पोर्टलवर तक्रार केली ती दोनदा ‘निराकरण झाले’ म्हणून बंद झाली, गोण्या आहेत तिथेच आहेत. सेक्रेटरींनी नोटीस लावलीये की सामाईक जागेतलं सामान आठ दिवसांत हलवावं. मुकादम परवा भेटला, हसला आणि म्हणाला काका, अजून ठेवलाय का माल? सांगा हं, आज रात्री गाडी रिकामीच आहे.

आपला,
एक नियमित वाचक